संशोधक व्हायचे आहे, म्हणजे नेमके काय व्हायचे आहे?

गेल्या दोन-तीन वर्षांत संशोधनाविषयीच्या मोठमोठ्या आकड्यांच्या बातम्या आपण वाचल्या. २०२३ मध्ये संसदेने ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ स्थापन करणारा कायदा केला आणि पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभे करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. २०२५ मध्ये संशोधन व विकासासाठी एक लाख कोटी रुपयांच्या निधीला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. दर जूनमध्ये मला भेटायला येणाऱ्या पालकांच्या प्रश्नात या बातम्यांमुळे काहीच फरक पडलेला नाही. डोंबिवलीहून आलेल्या एका आईने तो अगदी नेमक्या शब्दांत विचारला होता : “मॅडम, डॉक्टर म्हटले की कळते, इंजिनिअर म्हटले की कळते. ही म्हणते मला सायंटिस्ट व्हायचे आहे. म्हणजे ही सकाळी उठून कुठे जाणार, काय करणार आणि पैसे कोण देणार?”

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मुलांना विज्ञानाची गोडी लावण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. पण संशोधन हा एक व्यवसाय आहे, त्यात वर्षे किती जातात, पैसे कुठून येतात आणि कोणाच्या हाताखाली काम करावे लागते, हे घरच्यांना कोणी बसून समजावून सांगत नाही. मग एक तर मुलीला परस्पर बी.एड.ला पाठवले जाते, नाही तर ती डोळे मिटून पीएच.डी.ला नाव नोंदवते आणि तिसऱ्या वर्षी हताश होऊन मला फोन करते.

संशोधक दिवसभर करतो काय?

शाळेपासून एम.एस्सी.पर्यंत आपण जे प्रश्न सोडवतो, त्यांची उत्तरे कोणाला तरी आधीच माहीत असतात. प्रात्यक्षिकाच्या वहीत अपेक्षित उत्तर ५.२ असेल आणि आपले ६.८ आले, तर आपले चुकले. ज्या दिवशी अपेक्षित उत्तर जगात कोणालाच ठाऊक नसते आणि तरीही आपले बरोबर आहे की चूक हे ठरवावे लागते, त्या दिवसापासून संशोधन सुरू होते.

ते ठरवायचे कसे, यासाठी स्वयंपाकघरातले उदाहरण घेऊ. उकडीचे मोदक उकडताना फुटले. सासूबाई म्हणतात पीठ जुने होते, शेजारीण म्हणते पाणी कमी पडले, आणि आपल्याला वाटते की उकड नीट मळली गेली नाही. पुढच्या चतुर्थीला आपण नवे पीठ आणतो, पाणी वाढवतो, मळतोही भरपूर, आणि मोदक सुरेख होतात. घरच्यांचे काम झाले; संशोधकाचे मात्र झाले नाही, कारण तिघांपैकी खरे कोण हे अजूनही कळलेले नाही. ते कळायचे असेल, तर बाकी सगळे जसेच्या तसे ठेवून फक्त पीठ बदलायला हवे आणि त्याच मोदकपात्रात, त्याच वेळी, जुन्या पिठाचे चार मोदकही ठेवायला हवेत. तुलनेसाठी मुद्दाम न बदललेल्या या चार मोदकांना प्रयोगशाळेत ‘कंट्रोल’ म्हणतात. मग हेच पुन्हा दोन-तीनदा करायचे, वहीत असे लिहायचे की शेजारणीने तिच्या घरी केले तरी तेच घडावे, आणि त्यानंतरच ‘पीठ जुने असल्यामुळे मोदक फुटतात’ असे म्हणायचे. संशोधकाचा दिवस बहुतांशी यातच जातो : बदलायची एक गोष्ट निवडणे, बाकीच्या सांभाळणे, आणि लिहून ठेवणे.

लिहून ठेवण्याला किती मोल आहे, हे मुंबईइतके क्वचितच एखाद्या शहराने पाहिले असेल. १८९६ मध्ये इथे प्लेगची साथ आली, तेव्हा जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेले आणि न टोचलेले कैदी यांची तुलना झाली. म्हणजे तिथेही ‘कंट्रोल’ होता. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने दगावले आणि दोष हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेवर आला. ते एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते आणि त्या बाटलीचा क्रमांक नोंदवलेला होता. बाटली उघडताना गावातल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्टही चौकशीच्या कागदपत्रांत होती. या तपशिलांच्या आधारे शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू उचलून धरली आणि १९०७ मध्ये त्यांच्यावरचा ठपका दूर झाला. प्रामाणिक नोंद नसती, तर ती लस आणि तो माणूस दोघेही बदनामच राहिले असते. १९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले.

रस्ता कसा आहे?

बारावीनंतर तीन किंवा चार वर्षांची बी.एस्सी., मग एम.एस्सी., मग प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत, आणि त्यानंतर पीएच.डी. हा सरधोपट मार्ग झाला. अलीकडच्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळवलेल्यांना एम.एस्सी. न करताही पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. विज्ञान शाखेसाठी मुख्य परीक्षा म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था स्वतःची वेगळी परीक्षा घेते आणि तिच्या काही विषयांत बी.एस्सी.नंतरच एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या एकत्रित अभ्यासक्रमाला जाता येते. बारावीनंतरच संशोधनाकडे वळायचे ठरले असेल, तर मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी कालिन्याच्या परिसरात चालवलेल्या मूलभूत विज्ञान केंद्रात पाच वर्षांची एम.एस्सी. आहे, तिची प्रवेशपरीक्षा ‘नेस्ट’ या नावाने होते.

पीएच.डी.ला नियमाने किमान तीन आणि कमाल सहा वर्षे लागतात. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी पाच ते सहा धरूनच चालावे. म्हणजे बावीस-तेविसाव्या वर्षी सुरू केले, तर हातात पदवी येईपर्यंत अठ्ठाविशी गाठलेली असते.

इतकी वर्षे ‘शिकणे’ कसले? असे नातेवाईक विचारतात, तेव्हा मी एक जुना शब्द वापरते : उमेदवारी. सोनाराच्या पेढीवर नवा मुलगा आधी कानशीने घासायला शिकतो, मग डाग देऊन सांधायला, आणि काही वर्षांनी त्याच्या हाती खरे सोने दिले जाते. पीएच.डी. नावाने पदवी असली, तरी तिची घडण अशी आहे. पहिल्या वर्षातले थोडे वर्ग सोडले, तर तिथे अभ्यासक्रम नसतो, पाठ्यपुस्तक नसते आणि दरवर्षी पास-नापासही नसते. जाणत्या माणसाच्या हाताखाली काम करत करत हाताला वळण लागते, आणि या कामाचे पैसे मिळतात.

पैसे कोण देते?

फी भरून केलेल्या पदवीची सवय असलेल्या पालकांना ही गोष्ट दोनदा सांगावी लागते. नेटमध्ये वरच्या गुणांनी ‘जेआरएफ’ म्हणजे कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासूनच्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे काम समाधानकारक ठरल्यास ४२,००० रुपये मिळतात. वसतिगृह नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. हा पगार नव्हे. यात भविष्यनिर्वाह निधी नाही आणि दरवर्षीची वाढही नाही. आधीचा ३१,००० चा दर २०१९ चा होता आणि चार वर्षे तो तसाच राहिला. त्यातही पैसे दर महिन्याला वेळेवर येतील अशी खात्री नसते. तीन-चार महिन्यांची रक्कम एकदम जमा होण्याचा अनुभव अनेकांना आहे. म्हणून मी मुलांना सांगते की सुरुवातीला निदान चार महिन्यांच्या खर्चाची सोय हाताशी ठेवा आणि प्रवेश घेण्यापूर्वी वसतिगृहाचे नक्की करा. मुंबईत खोलीचे भाडे आणि डिपॉझिट यांतच पाठ्यवृत्तीचा किती भाग जातो, हे इथल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

मग बातम्यांमधले कोट्यवधी रुपये कुठे जातात? इथे दोन वेगळे नळ आहेत. एका नळातून विद्यार्थ्याची पाठ्यवृत्ती येते. दुसऱ्यातून प्रकल्पाचे अनुदान येते. ते मार्गदर्शकाला मिळते आणि त्यातून रसायने, उपकरणे आणि कधीकधी प्रकल्पावरच्या मदतनिसाचे मानधन भागते. नव्या फाउंडेशनचे काम मुख्यतः दुसऱ्या नळाचे आहे आणि त्या ५०,००० कोटींतला मोठा वाटा सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग आणि देणगीदारांकडून, यायचा आहे. एक लाख कोटींचा निधी तर खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीचे, अल्प किंवा शून्य व्याजाचे कर्ज देण्यासाठी आहे. दोन्हींचा उपयोग होईल, नोकऱ्याही वाढतील अशी मला आशा आहे. पण त्या बातमीमुळे डोंबिवलीच्या मुलीच्या खात्यात पुढच्या महिन्यात जास्त पैसे पडणार नाहीत. भारत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या शंभर रुपयांमागे साधारण पासष्ट पैसे खर्च करतो, आणि दक्षिण कोरिया पाच रुपयांच्या आसपास. ही तफावत पाठ्यवृत्तीच्या रकमेत, जुन्या यंत्रांत आणि मोजक्या जागांत रोज दिसते, आणि ती मला मनापासून खुपते.

गाईड निवडताना

पीएच.डी. सुखाची होणार की कष्टाची, हे संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शकावर, म्हणजे आपल्या भाषेत गाईडवर, जास्त अवलंबून असते. तरीही मुले संस्थेचा विचार सहा महिने करतात आणि गाईडचा सहा मिनिटे. प्रबंधावर सही त्याची, प्रकल्पाचा पैसा त्याच्याकडे, परिषदेला जायची परवानगी त्याची आणि पुढच्या नोकरीसाठी शिफारसपत्रही त्याचेच. पाच-सहा वर्षांचे इतके घट्ट नाते जुळवताना, सोयरीक जुळवताना करतो तशी चौकशी केलीच पाहिजे.

चौकशी गाईडकडे नव्हे, त्याच्या विद्यार्थ्यांकडे करावी आणि तीही प्रयोगशाळेबाहेर, चहाच्या टपरीवर. गेल्या दहा वर्षांत किती जणांनी सुरुवात केली आणि किती जणांनी पूर्ण केले? प्रत्येकाला किती वर्षे लागली? अर्धवट सोडून गेलेले आता कुठे आहेत? शोधनिबंधावर पहिले नाव काम करणाऱ्याचे येते की दुसऱ्याच कोणाचे? प्रकल्पाचा निधी कोणत्या सालापर्यंत आहे? सुट्टी मागितल्यावर काय उत्तर मिळते? या प्रश्नांवर विद्यार्थी मोकळेपणाने बोलू लागले, तर ते चांगले लक्षण. इकडे-तिकडे पाहून विषय बदलू लागले, तर तेही उत्तरच आहे. ख्यातनाम पण वर्षभर दौऱ्यावर असणाऱ्या गाईडपेक्षा, आठवड्यातून एकदा वही उघडून शेजारी बसणारा, फारसे नाव नसलेला गाईड मी कधीही पत्करेन.

शोधनिबंध म्हणजे ज्याला सगळे ‘पेपर’ म्हणतात तो. काय केले, कसे केले, काय आढळले हे लिहून नियतकालिकाकडे पाठवायचे. तिथले संपादक ते त्याच विषयातल्या दोन-तीन अनोळखी तज्ज्ञांकडे तपासायला देतात. तज्ज्ञ शंका काढतात, आणखी प्रयोग सांगतात, पुष्कळदा परत पाठवतात. पैसे भरले की आठवड्यात छापून देतो, असे सांगणारी नियतकालिके निव्वळ दुकानदारी करतात. त्यांच्यापासून दूर राहावे.

प्रयोग फसले तर वर्षे वाया जातात का?

पालकांना हीच भीती सर्वात जास्त वाटते. माझ्या पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट सांगते. मी कर्करोगाच्या पेशी वाढवत होते. चपट्या बाटलीत गुलाबी रंगाचे पोषक द्रव, त्याच्या तळाला चिकटलेल्या पेशी, आणि ३७ अंशांवरची उबदार कपाटवजा पेटी. दर दोन-तीन दिवसांनी द्रव बदलावाच लागतो. पेशींना रविवार कळत नाही, त्यामुळे मेगाब्लॉकच्या दिवशी तीन बस बदलून मी जात असे. जुलैतल्या एका सोमवारी बाटली उजेडात धरली, तर द्रवात कापसाच्या पिंजासारखे काहीतरी तरंगत होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा फांद्या फुटलेले लांब धागे दिसले. बुरशी. पेटीतल्या इतर बाटल्याही तशाच. सहा आठवड्यांचे काम त्या दुपारी निर्जंतुक करून फेकून दिले.

पेटी अल्कोहोलने पुसली, नव्या पेशी आणल्या. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. तेव्हा माझ्या गाईडनी मला काम थांबवायला लावले आणि विचारले, बुरशी येते कुठून, हे तू तपासलेस की नुसतीच सफाई केलीस? मी सफाईच केली होती. मग बुरशी वाढेल असे खाद्य घातलेल्या उघड्या काचेच्या बश्या खोलीत सहा ठिकाणी अर्धा-अर्धा तास ठेवल्या, एक बशी न उघडता तशीच ठेवली, आणि झाकून वाढू दिल्या. पाचव्या दिवशी न उघडलेली बशी स्वच्छ होती, चार बश्यांवर एक-दोन ठिपके होते, दाराजवळच्या बशीवर चार, आणि वातानुकूलन यंत्राच्या खालची बशी हिरव्या-काळ्या ठिपक्यांनी भरून गेली होती. पावसाळ्याच्या दमट हवेत त्या यंत्राची जाळी बुरशीने माखली होती. जाळी बदलली आणि त्या पावसाळ्यात पुन्हा बुरशी आली नाही.

यातून पेपर निघाला नाही, प्रबंधात एक ओळही आली नाही. तरीही संशयितांना एकेक करून वेगळे काढायला मी त्या तीन आठवड्यांत शिकले, आणि पुढचे सगळे काम त्यावर उभे राहिले. फसलेला प्रयोग वाया जातो तो त्याचे कारण न शोधता पुन्हा तसाच केला तर. मात्र हेही खरे की काही प्रश्न मुळातच सुटण्याजोगे नसतात, आणि दोन वर्षांनी प्रश्न बदलण्याचा निर्णय घ्यावा लागतो. वर चांगल्या गाईडवर इतका भर दिला, तो यासाठी.

मुलीच्या लग्नाचे काय?

हा प्रश्न अजूनही विचारला जातो, म्हणून उत्तर देते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिल्या आलेल्या कमला भागवत यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ त्या मुलगी आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी हट्ट सोडला नाही. अटी घालून प्रवेश मिळाला आणि त्यांचे काम पाहून पुढे इतर मुलींनाही दार उघडले. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, आणि विज्ञानात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. कमला सोहोनी या नावाने आपण त्यांना ओळखतो. दुर्गाबाई भागवतांच्या त्या बहीण. लग्नानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा आणि सामान्यांच्या रोजच्या आहारातले घटक यांच्यावर काम केले आणि पुढे त्या संस्थेच्या संचालकही झाल्या.

आजच्या नियमांत महिलांना पीएच.डी. पूर्ण करायला दोन वर्षे जादा मिळतात आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी एकदा २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. नियम आहेत, घरात स्वयंपाक कोण करणार, हे मात्र घरातच ठरवावे लागते.

पीएच.डी.नंतर नोकरी मिळते का?

मिळते, पण लगेच कायमची मिळते असे नाही. विद्यापीठात किंवा संशोधनसंस्थेत स्वतःची प्रयोगशाळा हवी असेल, तर मध्ये दोन ते पाच वर्षांची ‘पोस्टडॉक’ ही तात्पुरती नेमणूक असते, पुष्कळदा परदेशात. परत येता येते : जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिज सोडून कुलाब्याच्या टाटा संस्थेत आले आणि पुढे पुण्यात त्यांनी ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. तरीही स्पष्ट सांगायचे, तर पीएच.डी. करणाऱ्या सगळ्यांना पुरतील इतक्या प्राध्यापकाच्या जागा नाहीत. औषधनिर्मिती, रसायने, लसी, पेटंट, आकडेवारीचे विश्लेषण आणि विज्ञानलेखन या क्षेत्रांत अनेक जण जातात आणि समाधानाने काम करतात. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे १९३३ पासून उद्योगांशी असलेले नाते हे याचे उत्तम उदाहरण.

ज्यांच्या घराला लवकर पगाराची गरज आहे, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून चालू आहे. तिथे अभियांत्रिकीचे पदवीधर आणि विज्ञानात एम.एस्सी. झालेले यांना निवडून वर्षभर विद्यावेतनासह शिकवतात आणि उत्तीर्ण झाल्यावर वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमणूक होते, पीएच.डी. नोकरीत राहूनही करता येते.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळे करणार नाही का?

२०२४ चे रसायनशास्त्राचे निम्मे नोबेल प्रथिनांच्या घडीचा, म्हणजे त्यांच्या आकाराचा, अंदाज संगणकाने बांधणाऱ्या दोघांना मिळाले, त्यामुळे ही शंका येणे स्वाभाविक आहे. पण तो संगणक ज्यावर शिकला, त्या लाखाहून अधिक प्रथिनांच्या रचना १९७१ पासून एका सामायिक संग्रहात माणसांनी प्रयोग करून भरलेल्या होत्या. संगणकाने सांगितलेला अंदाज खरा की खोटा, हे पाहायला पुन्हा प्रयोगच लागतो. काम बदलेल, संगणकाची भाषा शिकावी लागेल. वातानुकूलन यंत्राखाली बशी ठेवायची कल्पना मात्र कोणाला तरी सुचावी लागेल.

आधी करून पाहता येते का?

येते, आणि करून पाहावेच. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने प्रयोगशाळेत घालवावेत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘निअस’ हा पदवी विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उन्हाळी कार्यक्रम आणि देशातल्या तीन विज्ञान अकादमींची एकत्रित उन्हाळी पाठ्यवृत्ती या मार्गांनी दरवर्षी मुले जातात. यांत निवड झाली नाही, तर शहरातल्या संशोधकांना थेट ईमेल लिहावा. ‘मला आपल्या विषयात फार रस आहे’ असा एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नये. असे ईमेल न वाचताच बाजूला पडतात. पाच जणांना लिहावा. त्या प्रत्येकाचा एक पेपर आधी वाचावा, तो अर्धाच कळला तरी हरकत नाही, आणि ईमेलात त्यातली न कळलेली एक जागा नेमकी विचारावी. डोंबिवलीच्या त्या मुलीला मी हेच सांगितले. तिने पाच ईमेल पाठवले. तिघांचे उत्तर आले नाही, एकाने जागा नाही असे कळवले, आणि पाचव्याने लिहिले की तुम्ही विचारलेली आकृती आम्हालाही नीट समजलेली नाही, मे महिन्यात येऊन बघा.